‘पदविका समकक्ष नाही’ म्हणून अपात्र? सरकारी भरतीतल्या या वादात काय करायचं, कधी आणि कोणाकडे

जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘स्थापत्य अभियांत्रिकीमधील तीन वर्षांची पदविका’. उमेदवाराकडे पदविका असते कन्स्ट्रक्शन टेक्नॉलॉजीची. पॉलिटेक्निकमध्ये तो स्थापत्यच्याच मुलांबरोबर सर्व्हेइंगचे प्रॅक्टिकल करून आलेला असतो, पेपरही बरेचसे तेच दिलेले असतात. तो अर्ज भरतो, परीक्षा देतो, गुणवत्ता यादीत येतो. मग कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर गुणपत्रिकेवरचं शाखेचं नाव वाचलं जातं आणि शेरा पडतो : ‘विहित अर्हता धारण करत नाही, अपात्र.’

हा अनुभव एका शाखेपुरता नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मागितलं आणि हातात कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी आहे, आयटीआय मागितलं आणि हातात डिप्लोमा आहे, पूर्णवेळ मागितलं आणि कोर्स दूरशिक्षणाने झालाय, असे वाद जवळपास प्रत्येक मोठ्या भरतीत उभे राहतात. यात हरणाऱ्या बऱ्याच मुलांचं शिक्षण पुरेसं असतं. त्यांच्याकडे एक ठरावीक कागद नसतो, किंवा तो अंतिम तारखेनंतर मिळालेला असतो. हा कागद कोणता, तो कुठून काढायचा आणि नकार आलाच तर पुढे कसं जायचं, हे इथे क्रमाने मांडतो.

पायरी १ : वाद नेमका कशाचा आहे ते आधी ओळखा

‘माझा डिप्लोमा चालेल का?’ या एका प्रश्नात पाच वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात. त्यांची सरमिसळ झाली की निवेदन भरकटतं.

पहिला प्रश्न मान्यतेचा : संस्था आणि परीक्षा मंडळ मान्यताप्राप्त आहे का? दुसरा शाखेचा : नाव वेगळं आहे, पण अभ्यासक्रम तोच आहे का? तिसरा स्तराचा : मागितलंय आयटीआय आणि तुमच्याकडे डिप्लोमा किंवा डिग्री आहे. चौथा पद्धतीचा : पूर्णवेळ, अर्धवेळ की दूरशिक्षण? पाचवा तारखेचा : अर्जाच्या शेवटच्या दिवशी तुम्ही उत्तीर्ण होतात का?

यातला तारखेचा प्रश्न लवकर मिटतो. जाहिरातीत किंवा नियमात वेगळी तारीख दिलेली नसेल तर पात्रता अर्जाच्या अंतिम दिनांकाला मोजली जाते. जम्मू-काश्मीरमधल्या कनिष्ठ अभियंत्यांच्या भरतीत निकाल मुलाखतीच्या आधी पण अर्जाच्या मुदतीनंतर लागलेले उमेदवार होते. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मुलाखतीला बोलावणंच चूक ठरवलं ((१९९७) ४ एससीसी १८; एससीसी म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ हा निकालांचा संग्रह). त्यामुळे ‘शेवटच्या सेमिस्टरचा निकाल येईलच’ या भरवशावर अर्ज भरू नका.

स्तराच्या प्रश्नात मुलांचा सर्वांत मोठा गैरसमज असतो. ‘मी जास्त शिकलोय, मग कमी शिक्षणाच्या पदाला पात्र असणारच’ हे पटण्यासारखं वाटतं, पण कायदा तसं सरसकट मानत नाही. जम्मू-काश्मीरच्या वीज खात्यात टेक्निशियनच्या पदासाठी दहावी आणि इलेक्ट्रिकल ट्रेडचं आयटीआय मागितलं होतं. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे डिप्लोमाधारक ‘आमची अर्हता वरची आहे’ म्हणून भांडले. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अपात्रच ठेवलं ((२०१९) २ एससीसी ४०४). वरच्या अर्हतेत खालची अर्हता सामावते असं नियमातच म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी. केरळच्या वीज मंडळातल्या सब-इंजिनिअर पदासाठी डिप्लोमा मागितला होता, तिथे बी.टेक. झालेले पात्र ठरले, कारण केरळच्या सेवा नियमांत तशी तरतूद होती ((२०१०) १५ एससीसी ५९६). दोन निकाल उलट दिसतात, पण फरक नियमातल्या एका वाक्याचा आहे. आपल्याकडे महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदासाठी वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेड मागितलेला असतो, तिथे इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेऊन जाणाऱ्यांनी आधी ते वाक्य शोधावं.

पद्धतीबाबत एवढंच : तांत्रिक शिक्षण दूरशिक्षणाने घेतलं असेल तर आधी मान्यता तपासा. काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी जो निकाल दिला, त्याने नोकरीत लागून वर्षं झालेल्यांनाही हादरा बसला होता.

पुढचा सगळा भाग मुख्यतः शाखेच्या वादासाठी आहे. खरी मेहनत तिथेच लागते.

पायरी २ : जाहिरातीच्या मागे जा, सेवाप्रवेश नियम काढा

जाहिरात हा शेवटचा कागद असतो. तिच्या मागे त्या पदाचे सेवाप्रवेश नियम असतात. राज्य शासनाच्या पदांसाठी ते संविधानाच्या अनुच्छेद ३०९ खाली केलेले आणि राजपत्रात छापलेले असतात. त्यांच्या अधेमधे दुरुस्त्या होतात, शासन निर्णय निघतात, शुद्धिपत्रकं निघतात. जाहिरात आणि नियम यांच्यात विसंगती असेल तर नियम वरचढ ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने एकापेक्षा जास्त वेळा सांगितलंय ((२०१८) ३ एससीसी ५५ हा त्यातला एक निकाल). म्हणजे जाहिरातीत ‘किंवा समकक्ष’ हे शब्द गळाले असतील आणि नियमात ते असतील, तर तुमची बाजू भक्कम आहे. उलट जाहिरातीत चुकून जास्तीची शाखा छापली असेल आणि नियमात ती नसेल, तर जाहिरात दाखवून नोकरी टिकणार नाही.

नियम हाती आले की शब्द न् शब्द वाचा. यात घाई करू नका, कारण वादाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

‘स्थापत्य अभियांत्रिकीमधील पदविका’ एवढंच असेल तर दार जवळजवळ बंद आहे. फक्त एखाद्या शासन निर्णयाने तुमची शाखा त्यात धरली असेल तरच उघडेल. ‘पदविका किंवा समकक्ष अर्हता’ असेल तर नियुक्ती प्राधिकाऱ्याला विचार करावाच लागतो. ‘शासनाने समकक्ष म्हणून घोषित केलेली अर्हता’ असेल तर शासनाचा तसा प्रसिद्ध झालेला आदेशच लागतो. प्राचार्यांचं पत्र, मंडळाचं पत्र, अभ्यासक्रमाचा तक्ता यांपैकी काहीही त्याची जागा घेऊ शकत नाही. रेल्वे भरती मंडळाच्या कनिष्ठ अभियंत्याच्या जाहिराती पाहिल्यात तर मूळ शाखेच्या उपशाखा आणि त्यांचे संयोग चालतील असं त्यांत सरळ लिहिलेलं असतं. तिथे वाद कमी का होतात ते त्या एका ओळीवरून कळतं.

नियम कुठे मिळतील? विभागाच्या संकेतस्थळावर, राजपत्रात आणि महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर. शासन निर्णयाचा सांकेतांक लिहून ठेवा, निवेदनात तो दिला की समोरच्याला ‘असा निर्णय सापडत नाही’ म्हणता येत नाही. संगणक अर्हतेचं उदाहरण बघा : एमएस-सीआयटी की सीसीसी की आणखी काही, हा गोंधळ ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने बराच निवळला, आणि आजही कितीतरी जाहिरातींत त्याच निर्णयाचा हवाला असतो. अभियांत्रिकी पदविकांसाठी प्रत्येक विभागाने अशी शाखानिहाय यादी नियमाला जोडली, तर हजारो मुलांची फरपट वाचेल असं माझं ठाम मत आहे.

नियम संकेतस्थळावर नसतील तर माहिती अधिकारात मागा. इथे वेळेचं गणित लक्षात घ्या. माहिती अधिकाराच्या उत्तराला कायद्याने ३० दिवस आहेत, आणि अर्जाची खिडकी बहुतेक वेळा त्याआधीच बंद होते. म्हणून जाहिरात यायची वाट पाहू नका. ज्या पदाची तयारी करताय त्याचे नियम अभ्यासाला बसतानाच मागवून ठेवा. अर्जाची फी १० रुपये आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. ‘मी पात्र आहे का?’ असं विचारू नका, कारण माहिती अधिकारी मत देत नाही. प्रती मागा : अमुक पदाच्या सेवाप्रवेश नियमांची सर्व दुरुस्त्यांसह प्रत, समकक्षतेबाबतचे सर्व शासन निर्णय व परिपत्रकं, आणि मागच्या भरतीत तुमच्या शाखेची पदविका असलेले किती उमेदवार नियुक्त झाले त्यांची फक्त संख्या. नावं मागितलीत तर खासगी माहितीचं कारण देऊन अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता वाढते.

पायरी ३ : समकक्षता कोण ठरवतं ते समजून घ्या

एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता म्हणजे समकक्षता नव्हे. कोर्स चालवायला संस्थेला परवानगी होती, एवढंच ती सांगते. महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळ अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षा घेतं आणि पदविका देतं, त्यामुळे दोन अभ्यासक्रम किती जुळतात यावर त्याच्या म्हणण्याला मोठं वजन आहे. पण एखाद्या पदासाठी ती पदविका चालेल की नाही, हा निर्णय नियोक्त्याचा, म्हणजे संबंधित विभागाचा असतो.

न्यायालयंही हा प्रश्न स्वतः सोडवत नाहीत. गुरू नानक देव विद्यापीठाच्या खटल्यात ((२००९) १ एससीसी ६१०) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की समकक्षता हा तांत्रिक, शैक्षणिक विषय आहे. ती गृहीत धरता येत नाही, त्यासाठी विशिष्ट आणि प्रसिद्ध केलेला आदेश किंवा ठराव लागतो. २०२१ मध्ये हरियाणातल्या कला व हस्तकला शिक्षकांच्या भरतीत विद्यापीठाचा दूरशिक्षणाचा डिप्लोमा औद्योगिक प्रशिक्षण विभागाच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाच्या बरोबरीचा धरायला न्यायालयाने नकार दिला. २०२३ मध्ये सीमेवर रस्ते बांधणाऱ्या जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्समध्ये ड्राफ्ट्समन एस्टिमेटिंग अँड डिझाइनचा डिप्लोमा स्थापत्यच्या डिप्लोमासारखा मानावा, हा दावाही टिकला नाही. आणि आपल्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचा औषध निरीक्षक आणि सहायक आयुक्त पदांचा खटला ((२०१९) ६ एससीसी ३६२) तर प्रत्येक उमेदवाराने वाचावा. नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या खुर्चीत न्यायालय बसू शकत नाही असं त्यात म्हटलंय. पण त्याच निकालात पुढे असंही आहे की जाहिरात संदिग्ध असेल किंवा नियमाविरुद्ध असेल, तर योग्य आदेश देऊन प्रकरण नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे परत पाठवावं लागतं.

या वाक्यावर तुमची सगळी लढाई उभी करायची. ‘मला समकक्ष ठरवा’ अशी मागणी न्यायालयात बहुधा बारगळते. ‘नियमात समकक्ष शब्द असूनही प्राधिकाऱ्याने माझ्या अभ्यासक्रमाचा विचारच केला नाही, कारण न देता अपात्र ठरवलं’ या तक्रारीला मात्र जीव असतो. आणि ती तक्रार करायची तर विचार करण्यासारखे कागद तुम्ही वेळेत दिले होते, हे सिद्ध व्हायला हवं.

पायरी ४ : अभ्यासक्रमाचा तक्ता करा

एक कागद आडवा धरा आणि चार रकाने आखा. पहिल्यात मागितलेल्या शाखेचे विषय सेमिस्टरप्रमाणे. दुसऱ्यात तुमच्या शाखेतला तोच विषय. तिसऱ्यात दोन्हीकडचे पेपर कोड. चौथ्यात त्या पदाचं काम.

तिसरा रकाना सर्वांत बोलका असतो. तंत्र शिक्षण मंडळ अभ्यासक्रमाच्या प्रत्येक आवृत्तीला ‘स्कीम’ म्हणतं. त्याच्या जुन्या जी स्कीमच्या अभ्यासक्रमात कितीतरी विषयांच्या पानावर वरती कोर्सचं नाव ‘सिव्हिल इंजिनिअरिंग ग्रुप’ आणि कोर्स कोड ‘सीई / सीएस / सीआर / सीव्ही’ असे एकत्र छापलेले आहेत. म्हणजे मंडळानेच या शाखांना एक गट मानून एकच विषय, एकच पेपर दिलेला आहे. ज्या विषयाचा पाच अंकी पेपर कोड दोन्ही शाखांत एकच आहे, त्याखाली लाल रेघ मारा. सर्व्हेइंग, मेकॅनिक्स ऑफ स्ट्रक्चर्स, काँक्रीट टेक्नॉलॉजी, हायड्रॉलिक्स, इस्टिमेटिंग अँड कॉस्टिंग असे कणा असलेले विषय आधी घ्या. तुमची स्कीम कोणती, जी की आय की त्याआधीची, ते गुणपत्रिकेवर पाहा आणि त्याच स्कीमचा अभ्यासक्रम वापरा. दुसऱ्या वर्षांचा अभ्यासक्रम जोडलात तर समोरचा तेवढ्यावरच फाइल बंद करू शकतो.

चौथ्या रकान्याकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत. कनिष्ठ अभियंता काय करतो? अंदाजपत्रक तयार करतो, लेव्हल घेतो, कामाची मापं घेऊन मोजमाप पुस्तिकेत नोंदवतो, काँक्रीटचे क्यूब तपासणीला पाठवतो. यातलं प्रत्येक काम तुम्ही कोणत्या विषयात शिकलात ते लिहा. समकक्षतेचा विचार करणारा अधिकारी बहुधा स्वतः अभियंता असतो. मोजमाप पुस्तिका आणि इस्टिमेटिंगचा पेपर शेजारी-शेजारी दिसला की त्याला तुमचं म्हणणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

जे विषय जुळत नाहीत तेही लिहा. लपवलेला फरक पडताळणीत बाहेर येतो आणि मग जुळणाऱ्या विषयांवरही शंका घेतली जाते. तक्त्यावर पॉलिटेक्निकच्या विभागप्रमुखांची सही आणि संस्थेचा शिक्का घ्या. त्यानंतर तो तंत्र शिक्षण मंडळाकडे पाठवून दोन शाखांमधल्या साम्याबाबत लेखी अभिप्राय मागा. पदविका दुसऱ्या राज्याच्या मंडळाची असेल तर हा टप्पा टाळूच नका, आणि त्याला लागणारा वेळ धरून आधीच सुरुवात करा.

पायरी ५ : अंतिम तारखेआधी लेखी खुलासा मागा

अनेकजण हेल्पलाइनला फोन करतात, पलीकडून ‘भरा फॉर्म’ असं उत्तर येतं आणि तेवढ्यावर विसंबतात. गट ‘क’ च्या अनेक भरत्यांत परीक्षा टीसीएस किंवा आयबीपीएससारखी संस्था घेते. तिला पात्रता ठरवण्याचा अधिकार नाही. लॉगिन चालत नसेल तर तिला फोन करा. पदविकेबाबत मात्र जाहिरात देणाऱ्या विभागालाच लिहा. मजकूर असा असू शकतो :

‘विषय : जाहिरात क्र. … मधील कनिष्ठ अभियंता (स्थापत्य) पदासाठी … या शाखेतील पदविकेच्या समकक्षतेबाबत लेखी खुलासा मिळणेबाबत.

महोदय, मी महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळाची … या शाखेतील तीन वर्षांची पूर्णवेळ पदविका … रोजी उत्तीर्ण केली आहे. सदर पदाच्या सेवाप्रवेश नियमांतील नियम … मध्ये “स्थापत्य अभियांत्रिकीमधील पदविका किंवा समकक्ष अर्हता” असे नमूद आहे. दोन्ही शाखांच्या अभ्यासक्रमांचा तुलनात्मक तक्ता संस्थेच्या शिक्क्यासह सोबत जोडला आहे. माझी पदविका सदर पदासाठी समकक्ष आहे किंवा कसे, याबाबत सक्षम प्राधिकाऱ्याचा निर्णय अर्जाच्या अंतिम दिनांकापूर्वी लेखी कळवावा. समकक्ष नसल्यास त्याची कारणे व आधारभूत शासन निर्णय कळवावेत, ही विनंती.’

‘कारणे’ आणि ‘सक्षम प्राधिकारी’ हे दोन शब्द निवेदनातून गाळू नका. प्रत्यक्ष दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. स्पीड पोस्टने पाठवलंत तर पावती आणि पोहोचल्याची नोंद छापून ठेवा. ई-मेलही त्याच दिवशी करा.

उत्तर येईलच असं नाही. तरी हा कागद तुमचा पाया आहे, कारण तुम्ही अंधारात अर्ज केला नव्हता, विभागाला आधीच सावध केलं होतं, हे त्यातून दिसतं.

याच टप्प्यावर एक निर्णय घ्यावा लागतो. जाहिरातीतली अटच चुकीची किंवा नियमाविरुद्ध आहे असं वाटत असेल तर आव्हान आत्ताच द्या. परीक्षा देऊन, निकाल विरुद्ध गेल्यावर ‘अट चूक होती’ म्हटलं तर ‘तेव्हा का बोलला नाहीत?’ हा प्रश्न येतो, आणि न्यायालयं तो गांभीर्याने घेतात. २०१९ मध्ये बिहारच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याला अपवाद सांगितला : उमेदवार प्रक्रिया मान्य करून परीक्षेला बसतो, त्यातली बेकायदेशीर गोष्ट मान्य करून बसत नाही. पण अपवादावर भिस्त ठेवून थांबू नका.

पायरी ६ : अर्ज भरताना शाखेचं नाव बदलू नका

ऑनलाइन अर्जात शाखेची यादी असते आणि तुमच्या शाखेचं नाव बहुधा तिच्यात नसतं. ‘इतर’ किंवा ‘समकक्ष’ असा पर्याय असेल तर तोच निवडा आणि पदविकेचं नाव प्रमाणपत्रावर आहे तसंच टंका. ‘सिव्हिल’ निवडल्याशिवाय अर्ज पुढेच सरकत नसेल तर त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढा आणि अर्ज भरण्याआधी विभागाला ई-मेल करा, की माझ्या शाखेचा पर्याय उपलब्ध नाही, माझी पदविका अमुक आहे, काय निवडावं ते कळवा. असं न करता ‘सिव्हिल’ निवडलेली मुलं पुढे दुहेरी अडचणीत सापडतात. समकक्षतेचा प्रश्न राहतोच, वर ‘अर्जात खोटी माहिती दिली’ हा शेराही लागतो. समकक्षतेचा वाद जिंकता येतो. खोट्या माहितीचा डाग पुढच्या भरत्यांतही आडवा येतो.

पायरी ७ : पडताळणीच्या दिवशी

मूळ पदविका, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, शिक्क्याचा तक्ता, तुमच्या स्कीमचा अभ्यासक्रम, तुम्ही शिकलात त्या वर्षांचं संस्थेचं एआयसीटीई मान्यतापत्र, मंडळाचा अभिप्राय आला असेल तर तो, सेवाप्रवेश नियमांची प्रत, संबंधित शासन निर्णय आणि तुमच्या निवेदनाची पोच, हे सगळं अनुक्रमणिका लावून दोन संचांत न्या. एक संच त्यांच्याकडे द्या आणि पोच घ्या.

टेबलावरचा कर्मचारी समकक्षतेचा निर्णय घेऊ शकत नाही. त्याच्याशी वाद घालून काही साधत नाही. शांतपणे एवढंच म्हणा, ‘साहेब, माझ्या कागदपत्रांसह प्रकरण सक्षम प्राधिकाऱ्याकडे निर्णयासाठी ठेवा आणि तशी नोंद करा.’ पडताळणी पत्रकावर ‘अपात्र’ लिहून सही मागितली तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा : ‘निर्णय मान्य नाही, हक्क राखून सही करत आहे.’ पत्रकाची प्रत मागा. दिली नाही तर त्याच संध्याकाळी ई-मेलने मागा. सोबत आलेल्या पालकांनाही हे आधी सांगून ठेवा. मुलगा रडवेला झालेला पाहून घरची मंडळी तिथेच हात जोडायला लागतात आणि कागद करायचं राहून जातं.

पायरी ८ : नकार आल्यावर

अपात्रतेचं कारण लेखी मिळालं की लगेच एक, आणि एकच, सविस्तर निवेदन द्या. दर महिन्याला नवं निवेदन दिल्याने मुदत वाढत नाही. त्याबरोबर माहिती अधिकारात तुमच्या प्रकरणातल्या टिपणीची प्रत मागा. निर्णय कोणी घेतला, तक्ता पाहिला का, मंडळाचं मत मागवलं का, हे त्या टिपणीवरून कळतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील करा.

तुमच्याच शाखेच्या पदविकेवर मागच्या भरतीत कोणी लागलं असेल तर तो मुद्दा मांडा, पण त्याच्यावर सगळा डोलारा उभा करू नका. चुकून झालेली नियुक्ती दाखवून तशीच दुसरी मागता येत नाही. शासनाने विचारपूर्वक ती पदविका स्वीकारली होती असं दिसलं तरच त्याचा उपयोग.

समोरून हमखास येणारा एक मुद्दा माहीत असू द्या. जाहिरातीत नसलेली अर्हता नंतर स्वीकारली, तर तीच अर्हता असूनही ‘आपण बसत नाही’ म्हणून अर्ज न केलेल्या लोकांवर अन्याय होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये याला जनतेची फसवणूक म्हटलं होतं ((१९९०) ३ एससीसी ६५५). या युक्तिवादात तथ्य आहे. त्याला उत्तर देता येतं ते फक्त नियमात ‘समकक्ष’ शब्द असेल तर. याची दुसरी बाजू तुमच्या कामाची आहे : भरती सुरू झाल्यावर पात्रतेची अट मधेच बदलता येत नाही, नियमात किंवा जाहिरातीत तशी मुभा असल्याशिवाय. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे पक्कं केलं आहे. अर्ज घेताना तुमची शाखा यादीत होती आणि शुद्धिपत्रकाने नंतर काढली, असं झालं असेल तर हा निकाल वकिलाच्या हातात ठेवा.

पायरी ९ : मॅट की उच्च न्यायालय

राज्य शासनाच्या विभागातलं पद असेल, म्हणजे सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा आणि लोकसेवा आयोगामार्फत भरली जाणारी शासकीय पदं, तर आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजेच मॅट. त्याची पीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. जिल्हा परिषद, महानगरपालिका, महावितरण यांच्या भरतीसाठी मात्र उच्च न्यायालयात रिट याचिका. केंद्राच्या पदांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. चुकीच्या दारात गेल्याने महत्त्वाचे आठवडे वाया जातात, तोवर नियुक्तिपत्रं निघून जातात.

मॅटमध्ये अर्ज करण्याची मुदत १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २१ नुसार अंतिम आदेशापासून एक वर्ष आहे. वर्ष आहे म्हणून वर्षभर थांबू नका. निवड यादी लागायच्या आत गेलात तर एक जागा रिकामी ठेवण्याचा किंवा पुढच्या टप्प्याला तात्पुरतं बसू देण्याचा अंतरिम आदेश मिळू शकतो. नियुक्त्या झाल्यावर गेलात तर त्या उमेदवारांना प्रतिवादी करावं लागतं आणि लागलेल्या माणसाला काढायला न्यायाधिकरण सहजी तयार होत नाही. अंतरिम आदेशाने परीक्षेला बसायला मिळालं म्हणजे पात्र ठरलात असं नाही, हेही घरच्यांना नीट समजावून सांगा.

वकील सेवाविषयक खटले चालवणाराच निवडा. एकाच शाखेचे आठ-दहा उमेदवार असाल तर एकत्र जा. खर्च वाटला जातो आणि प्रश्न एकट्याचा नसून शाखेचा आहे हे दिसतं. मागणी दोन भागांत ठेवायला सांगा : कारण न देता काढलेला अपात्रतेचा आदेश रद्द करावा, आणि नियमातील ‘समकक्ष’ शब्दानुसार तज्ज्ञांचं मत घेऊन ठरावीक मुदतीत कारणांसह निर्णय द्यावा, तोवर जागा राखावी.

नियमात ‘समकक्ष’ शब्दच नसेल तर

तेव्हा त्या भरतीपुरता वकिलाचा खर्च करू नका, असं मी स्पष्टपणे सांगतो. वर्षानुवर्षं अभ्यासिकेत बसलेल्या मुलाचे उरलेले पैसे आणि वय, दोन्ही त्यात जातं. ज्या विभागांच्या नियमांत शाखांची यादी रुंद आहे तिकडे वळा, आणि बाजूने नियमदुरुस्तीची मागणी लावून धरा. दुरुस्ती मंत्रालयातल्या प्रशासकीय विभागाच्या सचिवांकडे मागायची. भरती करणाऱ्या अधीक्षक अभियंत्याच्या हाती ती नसते. तुमच्या पॉलिटेक्निकच्या प्राचार्यांचं पत्र, मंडळाचा अभिप्राय, तोच तक्ता आणि त्या शाखेच्या माजी विद्यार्थ्यांच्या सह्या एकत्र जोडा. प्रत तंत्रशिक्षण संचालनालयालाही द्या, कारण जी शाखा सरकारच चालवतं तिच्या पदविकेला सरकारच्याच भरतीत जागा का नाही, हा प्रश्न त्यांनाही विचारला गेला पाहिजे. आणि हे पत्र एक भरती संपून दुसरी सुरू व्हायच्या मधल्या काळात द्या. जाहिरात निघाल्यावर नियम बदलला, तरी चालू भरतीला तो सहसा लागू होत नाही.